यारीचा शाफ्ट

तिसगाव,
११ फेब्रुवारी १९७३

चि. राधाकिसनास विमलअक्काचा आशीर्वाद.

आधीचं कार्ड मिळालं असंल. कार्डावर काय मावतंय, म्हनून आता सगळं लिव्हते. दुष्काळात तेरावा महिना म्हंत्यात तसं झालंय आमचं.

२ तारखेला गावकीच्या विहिरीवर दगड वर वढायला आमची यारी लावलेली हुती. साठ फुटांवर बी पाझर न्हाई, म्हनून आनखी खाली खोदायचं चाललंय. खाली चौघं सुरुंगाचा दगड बकेटात भरत हुते, वर इंजिनावर तुजे दाजी. भाकरीच्या सुट्टीआधीची शेवटची बकेट. ती अर्ध्यावर आली अन् वायररोप ज्याच्यावर गुंडाळतो त्या ढोलाचा शाफ्टच मोडला. ह्यांचा पाय ब्रेकवर हुता, पन शाफ्ट मोडल्यावर ब्रेक धरनार कशाला? बकेट खाली गेली. तिघं कडेला सरकले. सहादेवभाऊ सरकले न्हाईत.

तुला ठावं हाय, सहादेवभाऊ अन् हे पंधरा वर्सं एका फडक्यातली भाकर खात आले. आता गाव म्हनतंय, जेवायची घाई झाली म्हनून जालिंदरनं इंजिनाला हिसका दिला अन् शाफ्ट मोडला. (त्यांचं नाव कागदावर लिव्हलं, तोंडानं घेतलेलं न्हाई.) गाव बोलतं ते सोड. हे सोताच तसं म्हनायला लागलेत. गोठ्यात बसत्यात अन् शाफ्टाचे दोन तुकडे एकमेकाला जुळवून बघत्यात. पुन्हा सुटे करत्यात, पुन्हा जुळवत्यात. जेव म्हनलं तर पानी पिऊन उठत्यात.

१२ मार्चला पाथर्डीला फौजदारापुढं जबाब हाय. तिथं हे 'चूक माझी' म्हननार. मग मानूस आत जानार का न्हाई, तूच सांग. तुज्या कारखान्यात मोडकं लोखंड तपासून कागद देत्यात ना? तसा कागद दे. लोखंड कच्चं हुतं, असं लिहून दे. नगरच्या ज्या दुकानातून जुना शाफ्ट घेतला, त्या दुकानदाराचं काय व्हायचं ते होईल. मला माजं घर राखायचं हाय.

तुजी
विमलअक्का

---

पिंपरी,
१६ फेब्रुवारी १९७३

ती. अक्कास राधाकृष्णाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून दोन घास गेले नाहीत. सहादेवभाऊंनी मला खांद्यावर बसवून मढीच्या गडावर नेलं होतं. त्यांच्या राहीवहिनींना काय लिहावं ते सुचत नाही, तूच माझ्या वतीने जाऊन ये.

आता कामाचं. आधी दाजींच्या हातून ते तुकडे काढून घे. जुळवून बघायचे नाहीत, एकदासुद्धा. मोडलेलं तोंड मोडलेल्या तोंडावर घासलं की त्यावर जे उमटलेलं असतं ते पुसून जातं, आणि मग मलाच काय, कुणालाच काही सांगता येणार नाही. धुऊ नकोस, पॉलिश पेपर मारू नकोस. गोडं तेल नको, इंजिनाचं ऑइल हलक्या हाताने लाव, दोन्ही तुकडे वेगवेगळ्या फडक्यात बांध आणि पाथर्डी-पुणे गाडीच्या रंगनाथ कंडक्टरकडे दे. मी शिवाजीनगरला उतरवून घेतो.

शिवाय मला हेही कळव. दिवसाला किती बकेटा निघायच्या? एका बकेटीला ढोल किती फेरे घ्यायचा? मोडायच्या आधी काही आवाज, काही थरथर? शाफ्ट नेमका कुठे मोडला, ढोलाच्या आत की बेअरिंगजवळ?

लोखंड कच्चं असं लिहून दे म्हणतेस. अक्का, इथे माझ्या टेबलावर रोज मोडक्याच वस्तू येतात. गिअरचे दात, स्प्रिंगा, बोल्ट. प्रत्येकाबरोबर एक माणूस येतो आणि त्याला माझ्याकडून एकच कागद हवा असतो, चूक दुसऱ्याची आहे असा. वर्कशॉपवाल्याला लोखंड वाईट हवं असतं, लोखंडवाल्याला वर्कशॉप वाईट हवं असतं. सात वर्षं हेच ऐकून कान किटले. आता घरच्या माणसानेही तेच मागावं? जे दिसेल ते लिहीन. दाजींना सांभाळ.

तुझा
राधाकृष्ण

---

तिसगाव,
२२ फेब्रुवारी १९७३

चि. राधाकिसनास आशीर्वाद.

तुकडे रंगनाथकडं दिलेत. ह्यांच्याकडून काढून घेताना लई जड गेलं. दिले, पन तान्हं पोर काढून घेतल्यावानी बघत ऱ्हायले.

तुज्या पत्रात प्रश्नच लई, उंटावरून शेळ्या हाकतोस. तरी विचारून लिव्हते. दिवसाला शंभराच्या आसपास बकेटा. एका बकेटीला ढोल चाळीस फेरे वर, चाळीस खाली. शाफ्ट मोडला तो ढोलाच्या बाहेर, इंजिनाच्या अंगाच्या बेअरिंगपासून चार बोटांवर. आवाजाचं विचारलं तर म्हनले, चार दिवस टिक टिक वाजत हुतं, मला वाटलं साखळी ढिली झाली, ती आवळली. एवढं बोलून उठून गेले.

राहीबाईकडं जाऊन आले. ती दुष्काळी कामावर जाती, रस्त्याच्या खडीवर. मी बी तिथंच जाते, पन ती माज्या शेजारी बसत न्हाई. तुजा निरोप सांगितला. मान हालवली, हातोडा थांबवला न्हाई. रेशनच्या मिलो ज्वारीची भाकर खाऊन पोट दुखतं तिच्या पोरींचं. मी मेथकूट नेलं हुतं, ते घेतलं. एवढं बरं वाटलं.

कारखान्यातलं शहानपन मला नको सांगू. सात वर्सं कान किटले म्हनतोस, आन् हितं तीन आठवड्यांत माजा जीव किटलाय. सकाळी उठून वाटतं, आजचा दिस कसा ढकलायचा. लवकर लिही.

विमलअक्का

---

पिंपरी,
३ मार्च १९७३

ती. अक्कास सा. न. वि. वि.

शाफ्ट तपासला. दाजींनी जुळवून जुळवून बरंच पुसलं होतं, पण खोलगट भागातलं शाबूत होतं.

लोखंड कच्चं नाही. तुकडा कापून पाहिला, कठीणपणा पाहिला, सगळं ठीक. जुन्या ट्रकच्या आसाचं उत्तम पोलाद आहे. दुकानदाराचा दोष नाही.

आणि दाजींचाही नाही. हिसक्याने मोडलेलं लोखंड सगळीकडे सारखं खरखरीत दिसतं, गुळाची ढेप फोडल्यासारखं. इथे तसा भाग जेमतेम रुपयाएवढा आहे. बाकी सगळं तोंड गुळगुळीत, आणि त्यावर कमानीसारख्या रेघा, एकीपुढे एक. विहिरीचं पाणी उतरत जातं तशा कडेला रेघा राहतात ना, तशा. म्हणजे तडा जुना आहे. शाफ्ट भाराखाली केसाएवढा वाकतो, आणि फिरत असतो म्हणून प्रत्येक फेऱ्यात एकदा या अंगाने ताणला जातो, एकदा दाबला जातो. दिवसाला आठ हजार वेळा. तडा प्रत्येक फेऱ्यात तिळातिळाने आत जातो. चार महिने जात होता. टिक टिक होत होती ती साखळीची नव्हे, याची. शेवटी रुपयाएवढं लोखंड उरलं, त्याने तरी किती धरावं? त्या दिवशी इंजिनावर कोणीही असतं तरी हेच झालं असतं. याला आमच्याकडे धातूचा थकवा म्हणतात.

तड्याची सुरुवात पृष्ठभागावरच्या एका ओरखड्यापासून झाली आहे.

फौजदारांसाठी वेगळा कागद सोबत जोडला आहे. दाजींनी तोच पुढे करावा, तोंडाने काही बोलू नये. इकडे काम फार आहे, म्हणून थोडक्यात लिहिलं.

राधाकृष्ण

---

तिसगाव,
८ मार्च १९७३

चि. राधाकिसनास आशीर्वाद.

कागद आला. मी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. लोखंडाला बी थकवा येतो व्हय रं? मानसाला आला तर कोन कागद लिहून देत न्हाई.

मला वाटलं, आता उठतील, आंघोळ करतील, चार घास खातील. तर सगळं ऐकून घेतलं अन् एकच विचारलं, ओरखडा कुठं हुता?

मी म्हनले, मला काय ठावं, लिव्हलं न्हाई.

मग हे बोलायला लागले. महिन्याभरात एवढं बोलले न्हाईत. म्हनले, त्यो शाफ्ट मी रोज सकाळी ह्या हातानं पुसत हुतो, ह्या बोटांनी ग्रीस लावत हुतो. बाळाच्या अंगावरचा तीळ आईला ठावा असतो, तसं मला त्याचं अंग ठावं हाय. त्यावर ओरखडा न्हवता. दसऱ्याला राधाकिसननं पूजेआधी घातलेलं नाव तेवढं हुतं, बाकी गुळगुळीत. तुजा भाऊ भला मानूस हाय इमल, पन बहिनीच्या कुंकवासाठी खोटं लिव्हतोय. खोट्या कागदानं मला सुटायचं न्हाई. फौजदार बी इचारील, ओरखडा दाव. काय दावू?

अन् तुजा कागद घडी घालून कोनाड्यात ठिवला. १२ तारखेला काढायचा न्हाई म्हनले. तिथं 'हिसका मीच दिला' म्हननार.

राधाकिसन, तू लहानपनी खोटं बोललास की वाक्यं आखूड करायचास. ह्या पत्रात तू मला 'दाजींना सांभाळ' असं बी लिव्हलं न्हाईस. तू काही लपवतोस का? लपवत असशील तर सांग, का तर त्या एका ओरखड्यावर माजा मानूस अडलाय. चार दिस उरलेत. हे पत्र रंगनाथच्या हाती देते, तू बी त्याच्याच हाती उत्तर दे.

विमलअक्का

---

पिंपरी,
१० मार्च १९७३

अक्का,

रंगनाथ खाली थांबला आहे, म्हणून नमस्कार वगैरे लिहीत बसत नाही.

दाजींचं बरोबर आहे. त्या शाफ्टवर ओरखडा नव्हता. नाव होतं.

दसऱ्याला मी आलो होतो. यारी नवी होती, तुम्ही धुऊन पुसून अंगणात उभी केली होती. तू म्हणालीस, कामावर चार यार्‍या एका जागी येतात, सामानाची अदलाबदल होते, आपण भांड्यांवर नाव घालतो तसं ह्याच्यावर पण घाल, तुझा हात चांगला आहे. मी छिन्नी घेतली. दहा माणसं बघत होती, सहादेवभाऊ कंदिलासारखा उजळलेला चेहरा करून शेजारी उभे होते. ग्रीस माखलं तरी लांबून दिसावं म्हणून खोल मारलं. बेअरिंगपासून चार बोटांवर, कारण समोरून तेवढीच जागा मोकळी दिसत होती. भार सगळ्यात जास्त तिथेच येतो.

तडा 'जालिंदर'मधल्या शेवटच्या 'र'च्या टोकापासून निघाला आहे.

फिरत्या शाफ्टवर छिन्नीची खूण करायची नाही, हे मला या नोकरीत दुसऱ्या दिवशी शिकवलं होतं. भिंगाखाली घेतलेल्या छिन्नीच्या खुणा मी शेकड्याने पाहिल्या आहेत, दुसऱ्यांवर अहवाल लिहिले आहेत. पण त्या अंगणात मी तपासणारा नव्हतोच, तुझा धाकटा भाऊ होतो आणि सगळे वाहवा करत होते. मला आठवलंच नाही. यापेक्षा वेगळं काही सांगता येत नाही.

तुकडे आले त्या दिवशी अर्ध्या तासात मला कळलं होतं. तुला लिहायला सात दिवस लागले. ओरखडा हा शब्द शोधायला लागले. वाटलं, दाजी सुटतील, माझं नाव येणार नाही, दोन्ही साधेल. दाजींना त्या शाफ्टचं अंग माझ्यापेक्षा ठाऊक असेल, हे मनातच आलं नाही.

आता हे करायचं. सोबत नवा कागद आहे. त्यावर खूण कोणी घातली, कधी, का, सगळं लिहून खाली सही केली आहे, पत्ताही आहे. तडा जिथून निघाला तो तुकडा परत पाठवतो आहे, 'र' नीट दिसतो. फौजदारांनी बोलावलं तर मी येईन. जे होईल ते होईल, नोकरीचंही. आज रंगनाथबरोबर निघून यायला हवं होतं. रजेचं कारण सांगणार होतो, पण खरं हे की राहीवहिनींसमोर उभं राहायची माझी छाती नाही.

तू नाव घाल म्हणालीस, म्हणून स्वतःला लावून घेऊ नकोस. तुला ठाऊक नव्हतं. मला होतं.

दाजींना सांभाळ.

राधाकृष्ण

---

तिसगाव,
२० मार्च १९७३

चि. राधाकिसनास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. हात उचलत न्हवता.

११ तारखेला रंगनाथनं पत्र दिलं. मी चुलीपुढं वाचलं. खरं सांगते, चुलीत घालावं असं दोनदा वाटलं. आपलेच दात अन् आपलेच ओठ. एकीकडं कुंकू, एकीकडं पाठचा भाऊ. तुला फौजदारानं नेलं तर आईला वर काय तोंड दावू? अन् लावून घेऊ नको म्हनून तू लिव्हलंस, पन नाव घाल म्हननारी मीच. मीच हौसेनं हळदकुंकू वाहिलं त्याच्यावर.

मग उठले अन् पत्र ह्यांच्या हातात दिलं. त्यांनी सोता वाचलं, बोट ठिवून. दोनदा वाचलं. तो तुकडा फडक्यातून काढून उजेडात धरला. मला वाटलं, तुला शिव्या देतील. म्हनले, "लई देखनं नाव घातलं हुतं पोरानं." अन् रडले. सहादेवभाऊ गेल्यापासून पहिल्यांदा रडले.

पाथर्डीचं आधी सांगते. फौजदारानं कागद वाचला, तुकडा बघितला, 'र'वर नख फिरवलं. हिसका दिला का म्हनून विचारलं. हे म्हनले, न्हाई दिला. एवढंच म्हनले. फौजदारानं अपघात म्हनून लिहून घेतलं. तुजा जबाब घ्यायला बोलावनं येईल, सजा व्हायची न्हाई बहुतेक, पन खरं काय होईल ते मला कळत न्हाई. ये. आता हे जेवत्यात. थोडं थोडं. यारी विकायची म्हनत्यात, मी हो बी म्हनलं न्हाई अन् न्हाई बी म्हनलं न्हाई.

पन पाथर्डीला जायच्या आधी, सकाळी, हे राहीबाईकडं गेले हुते. म्हनले, फौजदाराच्या आधी तिला कळलं पायजे. मी मागं मागं गेले. ती खडीवर बसलेली. शेजारच्या बाया उठून बाजूला झाल्या. ह्यांनी उभ्या उभ्या तुजं पत्र सगळं वाचून दाखवलं, तू उभं ऱ्हायची छाती न्हाई म्हनलास ते बी वाचलं. ती खाली बघून ऐकत हुती. वाचून झाल्यावर हातोडा बाजूला ठिवला. ह्यांना म्हनली, तुमचा हिसका न्हवता हे मला बी वाटत हुतं, पन कुनावर तरी राग धरल्याबिगर दिस जात न्हवता.

मग तिनं झंपराची बाही वर केली. मनगटाच्या वर तिच्या मानसाचं नाव गोंदलेलं हाय, लग्नाच्या साली मढीच्या जत्रंत गोंदलेलं. हात आमच्यापुढं धरला अन् म्हनली,

"नाव घातलं का तिथनं तुटतं, आसं लिव्हलंय न्हवं त्यानं? माझ्या बी हातावर नाव हाय. म्हैना झाला, ह्याच हातानं सकाळपासनं हातोडा मारतीय. ह्यो का तुटंना, त्ये बी इचारा त्या शिकलेल्याला."

तिनं विचारलंय म्हनून लिव्हते. कागदावर उत्तर धाडू नको. येशील तेव्हा तिच्यापुढं उभा ऱ्हा अन् सांग.

तुजी
विमलअक्का